संशोधकाचा गोतावळा

संशोधक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. अंधारी खोली, टेबलावर पोथ्यांचा नि टाचणांचा ढीग, आणि त्यात मान खाली घालून बसलेला, जगाची शुद्ध नसलेला एकटा माणूस. हे चित्र अगदीच खोटे नाही. एकांतावाचून अभ्यास होत नाही हे खरेच. परंतु ते अपुरे आहे. त्या ढिगातील कितीतरी टाचणे दुसऱ्या कोणी धाडलेली असतात, एखादे दुर्मिळ पुस्तक परगावच्या स्नेह्याकडून आलेले असते, आणि ज्या शंकेने त्या माणसाची झोप उडविलेली असते तिचे उत्तर शेकडो कोसांवर बसलेल्या दुसऱ्या एका माणसापाशी असते. त्या दोघांची गाठ पडते की नाही, यावर पुष्कळदा संशोधनाचे यशापयश अवलंबून राहते.

लातूर जिल्ह्यातील उदगीरचे उदाहरण घ्यावे. सन १७६० च्या फेब्रुवारीत येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, आणि त्यानंतर वर्षाच्या आतच पानिपतचा प्रसंग ओढवला. या लढाईचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला मराठी कागदांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर पाहावे लागते, फारसी कागदांसाठी हैदराबादेस जावे लागते, इंग्रजांच्या पत्रव्यवहारासाठी मुंबई व लंडन येथील संग्रह धुंडाळावे लागतात, आणि लढाईची जागा, किल्ला व भोवतालचा मुलूख पाहण्यासाठी शेवटी उदगिरासच यावे लागते. मोडी, फारसी व इंग्रजी या तिन्हींवर सारखे प्रभुत्व असलेला, आणि या सर्व ठिकाणी मनसोक्त राहता येईल इतका धनवान असा अभ्यासक विरळाच. यास्तव, ज्याला मोडी येते त्याने फारसी जाणणाऱ्याशी, आणि शहरातल्याने खेड्यातल्याशी संबंध जोडणे हा त्याच्या कामाचाच एक भाग ठरतो.

या संबंधांना कोणी ओळखीपाळखी म्हणते, कोणी वशिला. दोन्ही शब्द येथे लागू पडत नाहीत. वशिल्याने जागा मिळते, ज्ञान मिळत नाही. ओळख सभेच्या मांडवात होते आणि मांडव उतरताच विरून जाते. अभ्यासकांचा गोतावळा या दोहोंहून वेगळा असतो. त्यात रक्ताचे नाते नसते, पण देवघेव असते. आणि ही देवघेव ज्ञानाची असल्यामुळे देणाऱ्याजवळचे काही कमी होत नाही. युरोपात सतराव्या शतकात हे चांगले ओळखले गेले होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांशी अखंड पत्रव्यवहार ठेविला होता. त्या पत्रांतून येणारी माहिती सर्वांना मिळावी म्हणून त्यांनी १६६५ साली एक नियतकालिक काढले. आजच्या शास्त्रीय नियतकालिकांच्या परंपरेचा उगम अशा रीतीने पत्रांच्या देवघेवीत सापडतो.

महाराष्ट्रात या गोष्टीचे सर्वांत बोलके उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई व सर जदुनाथ सरकार यांचे होय. सन १९०४ च्या सुमारास या दोघांचा संबंध जुळला. सरदेसाई तेव्हा बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या नोकरीत होते, सरकार दूर बिहारात अध्यापक होते. एकाचा विषय मराठ्यांचा, दुसऱ्याचा औरंगजेबाचा. औरंगजेबाच्या आयुष्याचा उत्तरार्ध दक्षिणेत गेला, त्यामुळे मराठी कागदांवाचून सरकारांचे काम पुरे होईना; आणि मोगल दरबारचे कागद फारसीत असल्यामुळे सरदेसायांचेही घोडे त्यांच्यावाचून अडे. प्रत्येकाला जे हवे होते ते दुसऱ्यापाशी होते. एवढ्या साध्या गरजेतून सुरू झालेला हा पत्रव्यवहार पन्नासांहून अधिक वर्षे टिकला. सन १९५८ मध्ये सरकार वारले, १९५९ मध्ये सरदेसाई गेले. त्याच सुमारास त्यांच्या पत्रांचा मोठा भाग हरी राम गुप्त यांनी संपादून छापला. त्यावरून दिसते ते असे, की या पत्रांत कुशलप्रश्न आहेत, सांसारिक दुःखे आहेत, परंतु पत्राचा कणा बहुधा कामाचाच आहे : अमुक तारीख जुळत नाही, तमुक कागदाची नक्कल पाहिजे, या प्रकरणाचा मजकूर तपासून द्यावा.

या स्नेहाचे फळ त्या दोघांपुरते राहिले नाही. पुण्याचे पेशवे दप्तर पुष्कळ काळ अभ्यासकांना मोकळेपणाने पाहावयास मिळत नव्हते. त्यातून निवडक कागद छापण्याचे मुंबई सरकारने ठरविले तेव्हा ते काम सरदेसायांकडे यावे यात सरकारांच्या शब्दाचा मोठा वाटा होता. सन १९३० ते १९३४ या अवधीत त्या निवडीचे ४५ भाग बाहेर पडले. पुढे माळव्यातील सीतामऊ संस्थानचे राजकुमार रघुवीरसिंह हे तिसरे अभ्यासक या मंडळीत आले. सरकारांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी माळव्याच्या अठराव्या शतकातील स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला, आणि देशोदेशींच्या कागदांच्या नकला मिळवून आपल्या लहानशा गावी असा संग्रह उभारला, की पुढल्या पिढीच्या अभ्यासकांना त्यासाठी सीतामऊची वाट धरावी लागली. सन १९७४ मध्ये त्या संग्रहाची संशोधनसंस्था झाली. दोघांच्या पत्रांतून सुरू झालेली गोष्ट अशी एका संस्थेपर्यंत जाऊन पोहोचली.

तथापि या कथेला दुसरी बाजूही आहे. सन १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातील पुण्याचे अभ्यासक आणि सरकार-सरदेसाई यांच्यात तीव्र मतभेद होते. कोणत्या साधनाला किती प्रमाण मानावे हा मूळचा वाद शास्त्रीय होता. पण वाद पुष्कळ दिवस चालला म्हणजे माणसे मुद्द्यापेक्षा बाजू पाहू लागतात. जेथे गोतावळ्याचा कंपू होतो, तेथे एका बाजूच्या अभ्यासकाला दुसऱ्या बाजूचे कागद दिसेनासे होतात. संबंध जोडताना आपल्याशी सहमत असलेल्यांचीच संगत धरणे सोपे असते. परंतु चूक दाखविणारा मनुष्य बहुधा पलीकडच्या बाजूसच बसलेला असतो, आणि त्याच्याशी पत्रव्यवहार तुटला की चूक छापून निघते.

येथवरची मंडळी बडोदे, पुणे, कलकत्ता अशा ठिकाणची किंवा राजघराण्यातली. नांदेड-लातूरकडच्या अभ्यासकाने यावरून कोणता बोध घ्यावा? सन १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबादेस जावे लागे, आणि तेथे उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. पुण्या-मुंबईची ग्रंथालये दूर, छापखाने दूर, विद्वानांच्या सभा दूर. सन १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा या दोन जिल्ह्यांना घराजवळचे विद्यापीठ लाभले. अशा ठिकाणी संशोधनाला आरंभ करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाटते, की आपण कडेला आहोत, मध्यभागी कोणी दुसरेच आहेत. या समजुतीला सेतुमाधवराव पगडी यांचे चरित्र हे चांगले उत्तर आहे.

सेतुमाधवरावांचा जन्म १९१० साली निलंग्याचा. ते पेशाने अध्यापक नव्हते. हैदराबाद संस्थानच्या मुलकी नोकरीतील अधिकारी होते. नोकरीच्या निमित्ताने ते आदिलाबादच्या जंगलपट्टीत गोंड व कोलाम लोकांत गेले. दुसरा एखादा अधिकारी दुभाष्याकडून काम उरकून मोकळा झाला असता. सेतुमाधवरावांनी त्या लोकांची भाषा शिकून घेतली. सन १९५० मध्ये त्यांचे कोलामी भाषेचे व्याकरण हैदराबादेस प्रसिद्ध झाले. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा; तिच्याविषयी तोवर फार थोडे लिहिले गेले होते.

त्याच सुमारास हजारो मैलांवर दोन पंडित द्रविड भाषांतील शब्दांची मुळे शोधीत होते. अमेरिकेतील बर्कली येथील मरे एमेनो यांनी १९३५ ते १९३८ या काळात भारतात राहून अभ्यास केला होता व वर्ध्याकडची कोलामी टिपून घेतली होती. त्यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली निघाला. ऑक्सफर्डचे संस्कृतचे प्राध्यापक टॉमस बरो हे दुसरे. या दोघांनी मिळून केलेला द्रविड भाषांचा व्युत्पत्तिकोश १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्या कोशात कोलामी शब्दांपुढे ठिकठिकाणी कंसात एस्. आर्. ही दोन अक्षरे येतात. ही अक्षरे म्हणजे सेतुमाधवराव. निलंग्याच्या माणसाने आदिलाबादेत टिपलेला शब्द बर्कली व ऑक्सफर्डच्या पंडितांनी नाव नोंदवून आपल्या कोशात घेतला. त्याच कोशात किनवटच्या कोलामीसाठीही निराळी खूण आहे; आणि किनवट तर नांदेड जिल्ह्यातलेच.

या उदाहरणात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सेतुमाधवरावांपाशी मोठे ग्रंथालय नव्हते, पण जगातील कोणत्याही ग्रंथालयात नसलेली एक वस्तू होती : त्या भाषेचा प्रत्यक्ष सहवास. अभ्यासकांच्या गोतावळ्यात माणसाला जागा मिळते ती त्याच्या गावाच्या मोठेपणावरून नव्हे, तर इतरांपाशी नसलेले असे काय तो देऊ शकतो यावरून. पुढे त्यांनी फारसी साधनांचे मराठीत भाषांतर करण्याचे जे प्रचंड काम केले, त्याचीही गोष्ट हीच. निजामी राज्यात वाढल्यामुळे आलेली उर्दू-फारसीची जवळीक ही पुण्याच्या अभ्यासकाला सहज न लाभणारी वस्तू होती. ती त्यांनी सर्व मराठी वाचकांच्या स्वाधीन केली. ज्याला इतर लोक अडचण म्हणत, तेच त्यांचे भांडवल ठरले. सन १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि १९९४ मध्ये ते वारले.

दुसरे उदाहरण नांदेडातच राहिलेल्या माणसाचे आहे. नरहर कुरुंदकर हे प्रथम शाळेत शिक्षक व पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक व प्राचार्य झाले. त्यांनी नांदेड सोडले नाही; परंतु महाराष्ट्रातील विचारवंतांच्या कोणत्याही मोठ्या वादात त्यांचे मत विचारले जाई. रणजित देसाई यांच्या शिवचरित्रावरील ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला जी प्रस्तावना आहे, ती मुळात कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. शिवकालाच्या अभ्यासातील एकेका प्रश्नाचा त्यात कस लावलेला आहे. कादंबरीपेक्षा या पत्रासाठीच पुस्तक हाती घेणारे वाचकही आहेत. विचारणाऱ्याला पुरते, सविस्तर व प्रामाणिक उत्तर द्यावयाचे, ही सवय असल्यामुळेच नांदेडचा पत्ता सर्वांना ठाऊक झाला.

हा न्याय केवळ इतिहासाला किंवा भाषेला लागू आहे असे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त आहे, ही तोवरची समजूत एका पहाटेत कोसळली. त्यानंतर हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेचे लोक आले, कानपूरचे अभियंते आले, अमेरिकेतील भूकंपतज्ज्ञ आले. आणि कानपूर व अमेरिका येथील अभ्यासकांच्या सह्यांचा एकत्र निबंधही १९९६ मध्ये निघाला. या सर्वांना यंत्रांच्या नोंदींइतकीच गरज होती ती गावकऱ्यांच्या आठवणींची. आदल्या वर्षी, १९९२ च्या शरदात, त्या भागात धक्के बसले होते ही गोष्ट तेथल्या लोकांनी अनुभविली होती. जमिनीला भेग कोठे पडली, कोणत्या बांधणीची घरे पडली व कोणती उभी राहिली, हे त्या गावात राहणाराच दाखवू शकत होता. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या मानकात त्याला वरच्या पट्ट्यात घालण्यात आले. अशा नकाशावरून घरे कशी बांधावीत हे ठरते. अभ्यासकांच्या गाठीभेटींचा संबंध अशा रीतीने लोकांच्या डोक्यावरील छपराशी येऊन पोहोचतो.

आता हा गोतावळा जमवावा कसा, हा व्यवहाराचा प्रश्न राहतो. त्याचा आरंभ पहिल्या पत्रापासून होतो, मग ते टपालाने जावो की संगणकावरून. नवशिका अभ्यासक बहुधा असे लिहितो, की आपल्या विषयाची सर्व माहिती कृपा करून पाठवावी. अशा पत्राला उत्तर येत नाही, आणि येऊही नये. कारण ते वाचणाऱ्याकडे अख्ख्या प्रबंधाची मागणी करते. आता दुसरा विद्यार्थी पाहावा. तो देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरापाशी जातो, शिलालेखाचे स्वच्छ छायाचित्र घेतो, दगडाची लांबीरुंदी मोजतो, पूर्वी कोणी वाचन केले असल्यास ते मिळवून पाहतो, आणि मग एखाद्या लिपितज्ज्ञाला लिहितो, की तिसऱ्या ओळीतील अमुक अक्षराचे दोन पाठ संभवतात असे वाटते, आपले मत काय? हे पत्र अर्ध्या पानाचे असते, त्यात एकच प्रश्न असतो, आणि सोबत तज्ज्ञालाही उपयोगी पडेल अशी वस्तू असते. अशा पत्राला उत्तर येण्याचा पुष्कळ संभव असतो. न आले तर महिन्याभराने एकवार स्मरण द्यावे, आणि तरीही न आले तर राग न धरता दुसऱ्याला लिहावे.

परिषदा व अधिवेशने यांचाही उपयोग असाच. प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ साली आणि पुढे इतिहास काँग्रेस या नावाने प्रसिद्ध झालेल्या सभेचे पहिले अधिवेशन १९३५ साली पुण्यासच भरले. अशा सभांत निबंध वाचावयास मिळतात पंधरा-वीस मिनिटे. खरे काम होते ते चहाच्या वेळी. तेथे मोठ्या नावांभोवती घोटाळत राहण्यापेक्षा आपल्याच वयाच्या, पण दुसऱ्या विद्यापीठातील व दुसऱ्या विषयातील अभ्यासकांशी बोलणे अधिक लाभाचे असते. वीस वर्षांनी तीच मंडळी आपापल्या विषयांत अधिकारी झालेली असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले, की नवी बातमी माणसाला बहुधा जिवलगांकडून मिळत नाही, क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून मिळते. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळात वावरतो.

जोडलेला संबंध टिकविण्यास दोन-तीन साध्या सवयी पुरतात. आलेल्या पत्राला वेळेवर उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर ते कोणास ठाऊक असेल हे कळवावे. घेतलेले पुस्तक परत करावे. आणि ज्याच्याकडून एखादा शब्द, एखादा कागद, एखादी सूचना मिळाली, त्याचे नाव छापील पानावर घालावे. ऋणनिर्देश हा शिष्टाचार नव्हे, तो हिशेब आहे. कोशातील एस्. आर्. ही अक्षरे नसती, तर सेतुमाधवरावांचे श्रम परक्याच्या नावावर चढले असते. याच न्यायाने, ज्या कोलाम स्त्री-पुरुषांनी आपल्या तोंडचे शब्द त्यांना दिले, तेही त्या गोतावळ्यातलेच. त्यांचे ऋण फेडले जाण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे. खेड्यातील माहिती देणाऱ्याला छापून झालेला निबंध नेऊन दाखविणे, त्यातील मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगणे, एवढे तरी प्रत्येक संशोधकाला करता येईल.

आज साधने पुष्कळ झाली आहेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात घरबसल्या वाचता येतात; त्यामुळे आपल्या विषयावर आधी कोणी काम केले आहे हे न पाहता लिहिणाऱ्याला आता सबब उरली नाही. पण साधनांबरोबर भुलवणीही आली आहे. पैसे भरा आणि निबंध छापून घ्या, पैसे भरा आणि परदेशी परिषदेचे प्रमाणपत्र मिळवा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या, घरात कोणी विद्वान नसलेल्या मुलामुलींची त्यात सर्वाधिक फसगत होते. कारण योग्य काय हे विचारावे असे माणूस त्यांच्या ओळखीत नसते. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांची पुस्तके आहेत त्यांना गोतावळा वारशाने मिळतो. इतरांना तो शून्यातून उभारावा लागतो. म्हणून ज्येष्ठ अभ्यासकाकडे आलेले अनोळखी पत्र ही त्याच्या दारी आलेली कटकट नव्हे. त्या चार ओळींच्या उत्तराने एखाद्या विद्यार्थ्याची काही वर्षे वाचतात.

आणि घरच्या मंडळींनाही यात काही करण्यासारखे आहे. मुलगी संशोधनासाठी परगावच्या परिषदेला निघाली, किंवा मुलगा किनवटच्या पाड्यावर आठ-आठ दिवस राहू लागला, की घरात विचारले जाते, ‘पुस्तके घरी असताना हे भटकणे कशाला?’ त्या प्रश्नाचे उत्तर वरच्या उदाहरणांत आलेच आहे. पुस्तकात जे उतरले ते कधी काळी कोणी तरी असेच भटकून, लिहून, विचारून मिळविलेले असते. नांदेड-लातूरच्या गावोगावी अजून कितीतरी शिलालेख, बाडे, बोली आणि आठवणी पडून आहेत. त्या टिपून घेणारा येथलाच असणार. त्यांचा अर्थ लावणारा कदाचित हैदराबादेस असेल, कदाचित ऑक्सफर्डला. त्या दोघांमध्ये एका पत्राचे अंतर आहे, आणि ते पत्र प्रथम कोणी तरी लिहावयाचे असते.